साफ केलेली गाणी

घोलवडच्या आमच्या वाडीत चिकू निवडायला बसलं की आई लग्नातली गाणी म्हणायची. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली होती. त्यात मधलं सगळं आपोआप आलं होतं: क्रेटमध्ये पडणारे चिकू, तिचा खोकला, आणि कडवं संपलं की, "ए बाय, ऐकतेस ना? की झोपलीस?" आई गेल्यावर मला गाण्यांपेक्षा तेच हवं असायचं. दुपारची जेवणं उरकली की मी लॅपटॉपवर लावून बसायची.

मोबाइल पुढे बिघडला. एक प्रत माझ्या लॅपटॉपवर, दुसरी पुण्याला धाकट्या भावाकडे. एक दिवस त्याचा फोन. "ताई, गाण्यांचा आवाज वाढवून पाठवलाय. झिप आहे, उघड." माझा लॅपटॉप म्हातारा, माउसने काही उघडेना, नुसता गरगर फिरत बसला. मग भावाने कमांड लिहायची ती काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगून माझ्याकडून 'अनझिप' लिहून घेतलं.

एंटर दाबलं तर पडद्यावर प्रश्न: या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?

"अरे, हे विचारतंय. जुनी जाणार नाहीत ना?"

"काही जात नाही गं. कॅपिटल ए दाब, म्हणजे सारखं विचारणार नाही."

दाबला. ओळी भराभर सरकल्या.

पहिलं गाणं लावलं. आवाज असा स्वच्छ की आई शेजारीच बसलीय! कडवं संपलं, मी कान टवकारले. लगेच पुढचं कडवं सुरू. खोकला नाही, चिकू नाहीत, मी नाही.

"मधलं बोलणं कुठाय?"

"काढलं. नावं मुद्दाम तीच ठेवली. रोज ते ऐकून रडतेस म्हणे, भाऊजी सांगत होते."

म्हणजे नवराही सामील.

"तुझ्याकडची जुनी पाठव."

"तीही पुसली, ताई. तुझ्या भल्यासाठीच."

माझ्या भल्यासाठी! मेल्या, केसाने गळा कापलास रे माझा. त्या काळ्या खिडकीने निदान विचारलं तरी, बदलू का म्हणून. पाठच्या भावाने तेवढंही विचारलं नाही.

परवा मसोलीला भाचीच्या हळदीत तीच गाणी स्पीकरवर लावली. बायका भावाचं कौतुक करत होत्या, तो हसत होता. मी आत पुऱ्या लाटत होते. एक कडवं संपलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऐकतेय गं."

तोवर पुढचं कडवं सुरू झालं होतं.