मंग आम्ही जेवावं कुठं?

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतूरच्या घरी गहू निवडत होते. "ताई, अक्का गेली," एवढंच तिचा धाकटा भाऊ विश्वनाथ बोलला आणि फोन तसाच धरून राहिला. फोन ठेवल्यावर मी पुन्हा गहू निवडायला बसले, डबा भरला, झाकण लावलं आणि मग रडले. त्याला आता दीड महिना होऊन गेला... केदारखेड्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती अभ्यासात माझ्या पुढे आणि भांडणात तर फारच पुढे. कुणी खोटं बोललेलं तिला खपायचं नाही.

जालना जिल्हा नवा झाला त्या सुमारास तिचं लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. तिला कुणीतरी सतत बोलत असल्याचे आवाज ऐकू येत. घरचेच आपल्या जेवणात काहीतरी कालवतात, असं तिच्या मनानं घेतलं होतं. शहरातल्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ती थुंकून टाकायची. मग डॉक्टरच म्हणाले, चहातून द्या. विश्वनाथ तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, बहिणीवर जीव टाकणारा. तो गोळी कुटून चहात घालायचा. कमल एक घोट घेऊन कप खाली ठेवायची. "यात काहीतरी हाय," म्हणायची. "न्हाई अक्का, तुला भास होऊन राह्यलाय," असं तो देवाची शपथ घेऊन सांगायचा. एके सकाळी तिनं त्याला खलबत्त्यात गोळी कुटताना पाहिलं. ती ओरडली नाही, भांडली नाही. त्या दिवसापासून तिनं गोळ्या स्वतःच्या हातानं घ्यायला सुरुवात केली आणि स्वतःचं अन्न स्वतः शिजवायला लागली.

हळूहळू ती सावरली. शिवणाचं मशीन घेतलं, गावातल्या निम्म्या पोरींची परकर-पोलकी तिच्या हातची. पण भावाच्या घरात राहून तिनं त्याच्या चुलीवरचा घास कधी खाल्ला नाही. माझ्याकडे यायची तीसुद्धा डबा बांधून. पुरण घातलेलं असताना समोर बसून बाई आपली कोरडी भाकरी खायची. मी चिडायचे, फुगून बसायचे, पण तिच्यावर ढिम्म परिणाम नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी जिल्ह्यात मनोरुग्णांसाठी सोय करायचं ठरलं. ती कशी असावी यावर जालन्यात बैठक होती. ज्यांनी हा आजार भोगलाय त्यांनाही विचारा, असा हट्ट एका तरुण डॉक्टरबाईंनी धरला, म्हणून कमलला बोलावणं आलं. नातेवाईक म्हणून विश्वनाथलाही. मी सोबतीला गेले. साहेब लोक टेबलाशी, नातेवाईक त्यांच्या मागे आणि आजारी माणसं पार भिंतीला. पेशंट औषध घेत नसेल तर काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. "जेवणातून द्यायचं, दुसरा काय उपाय?" एक अधिकारी म्हणाले. माना हलल्या. विश्वनाथचीही हलली.

कमल उठली. "साहेब, मला वाटायचं घरचे जेवणात काही कालवून राह्यलेत. सगळे म्हणायचे, तुझं डोकं फिरलंय. आन् ते खरंच कालवत होते. आजार बरा झाला. पण तुम्ही अन्नातच औषध घातलं, मंग आम्ही जेवावं कुठं?"

विश्वनाथ खाली मान घालून टोपीशी चाळा करत बसला होता.

नियमावलीच्या मसुद्यात तिचं म्हणणं आलं, पण 'रुग्णास शक्यतो सांगून औषध द्यावे' असं. "ते शक्यतो काढा," म्हणत कमल एसटीनं बैठकांना जात राहिली. बैठकीतला चहा ती घ्यायची नाही, तर साहेबांना वाटायचं, बाईचा मान कमी पडला. तो शब्द काही निघाला नाही. पुढे बोलावणीही यायची बंद झाली. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

यंदा तिच्या पोटात गाठ निघाली. जालन्याच्या दवाखान्यात विश्वनाथची पोरं मला दाराशीच म्हणाली, "आत्याला बिलकुल सांगू नका. पुन्हा डोक्यावर परिणाम व्हईल. गॅसचं दुखणं हाय म्हणू." विश्वनाथनं सगळं ऐकून घेतलं आणि आत गेला. मी त्याच्या मागोमाग.

"अक्का," तो खाटेशी बसून म्हणाला, "गाठ वाईट हाय. डॉक्टर म्हणून राह्यलेत, आता जास्त दिवस न्हाईत."

कमल छताकडे बघत राहिली. डोळ्यांच्या कडांनी पाणी ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. मग त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहून विचारलं, "काय आणलंस?"

"वरण-भात. सूनबाईनं केलाय." आणि डब्याचं झाकण काढत म्हणाला, "नुसता वरण-भात हाय, अक्का."

त्यानं भात कालवला. घास पुढे केला, पण हात मध्येच अडला. कमलनंच मान उचलून तो घास तोंडात घेतला. सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.