पावसाळ्याचा पगार

ठकूबाई गेल्याची बातमी मला जव्हारच्या बाजारात कळली. भातकापणी नुकतीच उरकली होती. माझा एक जुना विद्यार्थी भेटला आणि निघता निघता म्हणाला, "गुरुजी, शाळेतली पाणीवाली बाय गेली." पंधरा दिवस झाले होते, आणि मला पत्ताही नव्हता...

मोखाड्याच्या वाटेवरच्या संस्थानी शाळेत मी हेडमास्तर म्हणून गेलो, तेव्हा ठकूबाई तिथे आधीपासून पाणी भरत होती. मूळची दाभोशाकडची, नवरा लवकर गेलेला. शाळा टेकाडावर, झरा खाली दरीत. दिवसाला दहा-बारा खेपा व्हायच्या. कुठलं पोर घरून उपाशी आलंय, हे ती त्याच्या पाणी पिण्यावरून ओळखायची आणि आपल्या नागलीच्या भाकरीतला तुकडा मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवायची.

पहिल्याच आषाढात पगारपत्रकात तिचं नाव दिसेना. चौकशी केली तर कळलं, पावसाळ्याचे चार महिने पाणीवालीला पगार नाही, अशी जुनी वहिवाट. पावसात पाणी कशाला भरायचं! खरं तर त्याच दिवसांत झरा गढूळ व्हायचा, वाट निसरडी. ती पार पलीकडच्या कड्याखालून पाणी आणायची, फडक्यातून गाळायची. चारही महिने, फुकट. आणि मी? तीन वर्षं त्या पत्रकावर सही करत राहिलो. वर बोलायची छाती नव्हती.

चौथ्या वर्षी, कधी नव्हे ते श्रावणात, तपासणीला साहेब आले. मुलांचे पाढे ऐकून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. ठकूबाईने तांब्या पुढे केला. "पाणी गोड आहे हो," साहेब म्हणाले.

"गोड हाये साहेब, पन ह्या चार महिन्यांचा पगार नाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाचरत वहिवाट सांगितली. "बरोबरच आहे. पाऊस पडतोय की," ते हसून म्हणाले.

"पडतो ना," ती म्हणाली. "मंग पोरांनी काय आभाळाकडं आ करून प्यावं?"

मुलं खिदळली. साहेबांचं हसू मात्र मावळलं. आता हिची नोकरी गेली, असं मला वाटलं, आणि कुठून धीर आला कोण जाणे, मी उठून म्हणालो, "साहेब, ती खरं बोलतेय. मीच आधी लिहायला हवं होतं."

त्यांनी तिथेच माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, खाली तिचा अंगठा उठवला. पुढच्या वर्षापासून बारमाही पगार मंजूर झाला. मागचे महिने बुडाले ते बुडालेच. तिने त्या महिन्यांचा विषय कधी काढला नाही. मला मात्र ते विसरता आले नाहीत.

गेल्या आठवड्यात शाळेत जाऊन आलो. पाण्याच्या खोलीत खुंटीला तिची डोक्यावर हंड्याखाली घ्यायची चुंबळ अजून अडकवलेली आहे, घामाने काळी पडलेली. कुणी काढलेली नाही. तिच्या जागी आता एक तरुण बाई पाणी भरते. तिला मी सहज विचारलं, "पगार किती महिन्यांचा मिळतो गं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बारा महिन्यांचा, गुरुजी. नाय तर कसा असल?"