फळ्यावरची आई

"डज युवर मदर ऑलवेज स्मेल ऑफ फिश?"

मॅडमनी फळ्यावर लिहिलं आणि 'ऑलवेज'खाली लाल रेघ ओढली. म्हणाल्या, "प्रश्नात हा शब्द 'मदर'च्या नंतर, 'स्मेल'च्या आधी. जागा चुकायची नाही." मग माझ्याकडे बघून हसल्या. सगळा वर्ग हसला. कोणाच्या आईच्या अंगाला मासळीचा वास येतो, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

सांगितलं मीच होतं. बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये मॅडमचा इंग्रजी बोलण्याचा क्लास. पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला उभं केलं. आमच्या राजोडी गावात नुसत्या नावानं ओळख होत नाही, कुणाची पोर ते आधी सांगायचं. मी ताठ मानेनं सांगितलं, आई इथंच, कॉम्प्लेक्सच्या गेटवर मासळी विकते. मॅडम तिच्याकडूनच पापलेट घ्यायच्या. वाटलं, त्यांना आपलेपणा वाटेल. मूर्खच मी.

क्लासची पद्धत अशी, की फळ्यावरचा प्रश्न शेजारच्याला विचारायचा. त्यानं उत्तर द्यायचं आणि पुढच्याला विचारायचं. इतर दिवशी प्रश्न साधे असायचे. तू नेहमी चहा पितोस का, कधी उशिरा उठतोस का. मॅडम मोबाइलवर व्हिडिओ काढायच्या. माझा व्हिडिओ राजोडीच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरला पाठवणार होत्या. रिसेप्शनच्या नोकरीसाठी. त्या नोकरीवर माझी सगळी आशा टांगलेली.

प्रश्न पहिल्या बाकावरून निघाला. जो तो "नो" म्हणायचा आणि मागे वळून मला बघायचा. एकेक बाक जवळ येत होता. मी हळूच ओढणी नाकाला लावून पाहिली. स्वतःचीच किळस आली, आणि त्या किळसेची जास्त भीती वाटली.

शेजारच्या मुलीनं खाली मान घालून विचारलं. मॅडमनी मोबाइल धरला.

"बोल. येस, माय मदर ऑलवेज स्मेल्स ऑफ फिश. खरं बोलायला लाज कसली?"

'येस' जिभेवर आला होता. खरंच आला होता.

"मी नाय म्हननार."

मराठीतच निघालं. घाबरले की घरचंच तोंडात येतं.

"म्हननार!" मागून कुणीतरी चिडवलं. परत हसू.

"अगं, ग्रामर शिकवतेय मी. एवढं काय लागलं तुला?" मॅडम म्हणाल्या. "मग व्हिडिओ विसर."

"विसरले. पन फल्यावरून माज्या आईला पुसा."

त्या हलल्या नाहीत. मी पुढे गेले. डस्टर उचलला. पुसलं. बाहेर पडले तेव्हा नोकरी गेली हे कळत होतं आणि रडू आवरत नव्हतं.

गेटवर आई बोंबील साफ करत होती. "काय झाला गो? लवकर सुटली?"

सांगायचीही भीती वाटली. मी नुसती तिच्या शेजारी टेकले, अगदी खेटून.

उद्या मी त्याच वर्गात जाणार आहे. इंग्रजी मला हवीच आहे, ती काही मॅडमच्या मालकीची नाही. रिसॉर्टातही स्वतः जाऊन विचारणार आहे. आत्तापासून भीती वाटतेय. वाटू दे. 'ऑलवेज' भलत्याच जागी पडेल. पण आईला खाली बघायला लावणारं 'येस' माझ्या तोंडून कुणालाही मिळणार नाही.