वापरलेलं झबलं

गॅलरीच्या दोरीवर वाळणाऱ्या फडक्याला एक बंद अजून लोंबत होता. टीव्ही पुसायचं फडकं ते; एरवी कशाला लक्ष गेलं असतं?

शेजारच्या मंदाताई आल्या होत्या. "लेकीला नववा लागलाय. बाळाला पहिल्यांदा घालायला तुमच्या ओमचं एखादं झबलं द्या ना. वापरलेलंच हवं. किती गुटगुटीत आहे तुमचा!"

मी खण उघडला. ओमच्या वेळी मी यादीच केली होती: दिवसाला सहा, वाळत असतील सहा, दमट हवेसाठी आणखी बारा. आई म्हणाली होती, "चार पुरेत गं, एखादं कुणाकडून मागून आणू." मागून आणायची मला तेव्हा लाज वाटली होती. बहुतेक झबली घडीही न मोडता लहान झाली. जी चार-पाच तो रोज घालायचा, ज्यांवर ओकायचा, ती मऊ पडली तशी मी पुसायला काढली.

आधी आलेल्या बाळानं थोडं सरकून नव्याला जागा द्यावी, तसं ते पहिलं वापरलेलं झबलं असतं. माझ्याकडे द्यायला जागाच नव्हती, नुसता भरलेला खण होता.

"हे घ्या, अगदी कोरं आहे."

"कोरं दुकानातही मिळतं हो." त्यांची नजर दोरीकडे गेली. "ते ओमचंच ना?"

नाही म्हणावंसं वाटलं. तरी मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी फडकं काढलं, लोंबता बंद बोटांनी सरळ केला. "उकळून घेते," म्हणाल्या, आणि ते पदराखाली जपून धरून गेल्या.

कोरं झबलं माझ्या हातातच राहिलं. त्याला अजून दुकानाचा वास येत होता.