म्होरक्याशिवाय चौघी

मलकापूर स्टेशनात गाडी लागली तरी बाबांचा वाद संपला नव्हता. व्हायोलाची पेटी खांद्याला लावून मी उभी होते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगाने मोठी, आवाजाने खोल. चार वाद्यांनी मिळून वाजवायचं संगीत शिकायला, त्यातली पुढची पदवी घ्यायला मी जर्मनीला निघाले होते. बाबा मोताळ्यात गणिताचे मास्तर. ते म्हणाले, "हे राजेलोकाच्या दिवानखान्यातलं वाजवनं हाये. तुले तिथं काऊन जायचं?"

आई म्हणाली, "जाऊ द्या न हो तिले. डबा पुढे थांबते."

तुम्ही जे मागे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकाआधी पत्रकं आली. हुंड्याविरुद्धचं, पाण्याच्या हक्काचं, मुलींच्या शाळेचं. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. बाजाराच्या दिवशी बाबांचं कलापथक गायचं. बाबा पुढे उभे राहून ओळ म्हणत. आई, मी आणि बाकीचे मागून ती उचलत. याला झील धरणं म्हणतात. पुढच्याचा शेवटचा शब्द कानावर पडू द्यायचा, मगच तोंड उघडायचं. समतेची गाणी आम्ही अशी म्हणत होतो, आणि कोणालाच त्यात काही खटकत नव्हतं.

पुण्यात शिकताना माझ्या 'मले-तुले'वर हसणारे भेटले. मी 'मले' सोडलं नाही. इथे जर्मनीत मात्र हसलं कोणी नाही. इथे मला जवळजवळ बाहेर काढलं होतं.

आम्ही चौघी. पहिलं व्हायोलिन एस्तेरचं, ती हंगेरीची. पदवीची परीक्षा चौघींची एकत्रच होते, एकीमुळे चौघी बुडतात. एका तालमीनंतर एस्तेरने सरळ सांगितलं, "तू आमच्याबरोबर नसतेस, आमच्यानंतर असतेस. दुसरी व्हायोलावाली बघावी लागेल." मला राग आला. माझा एकही सूर चुकत नव्हता. पण रेकॉर्डिंग ऐकलं, तर प्रत्येक वेळी मी केसभर उशिरा. एस्तेरचा सूर कानावर पडू द्यायचा, मगच गज टेकवायचा.

आमच्या प्राध्यापक बाईंनी मग त्याच रचनेतला मंद लयीचा भाग वाजवायला लावला. त्याची सुरुवात एकट्या व्हायोलाने होते. मी गज उचलला आणि सवयीने एस्तेरकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "इथे तुझ्या आधी कोणीच नाही. कोणाची वाट पाहतेस?"

कोणाची, ते मला त्या क्षणी कळलं. मोताळ्याच्या बाजारात पुढे उभ्या असलेल्या बाबांची.

दुसऱ्या दिवशी मी खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. कोणी कोणाकडे पाहायचं नाही, आणि जिच्याकडे चाल असेल तिने ऐकू येईल असा श्वास घ्यायचा. एस्तेरने नाक मुरडलं, पण बसली. मी श्वास घेतला आणि वाजवलं. त्या माझ्याबरोबर आल्या. दुसऱ्या व्हायोलावालीचा विषय पुन्हा निघाला नाही. परीक्षाही झाली, चांगली झाली.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. दिवाणखान्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं: राजे गेले, उरल्या चार खुर्च्या, आणि त्या कोणाच्या बापाच्या नाहीत. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग म्होरक्या कोन?"

"कोणीच नाही. जिची चाल, तिचा श्वास."

"आन ते चुकली तं?"

"तं चौघी चुकतो."



पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. बाजारात या वेळी ती पुढे उभी राहिली होती. "आवाज फाटला माह्या," ती सांगत होती, "आन तुहे बाबा मागून झील धरत होते, तेबी माह्या आधीच." आणि इतकी हसली की पुढचं नीट ऐकूच आलं नाही.

मी निघाले तेव्हा होतं तसंच घर राहिलं असतं, तर मला त्याची नुसती आठवण आली असती. ते माझ्याविना बदलतंय, म्हणून मला तिथे जायचंय. या सुट्टीत मी येतेय. बाजाराच्या दिवशी आईच्या मागे एक जागा ठेवा.