अभ्रकाची खिडकी

दौलतदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी मैदा चाळत होते. पलीकडच्या, दादांच्या खोलीतून वहिनींनी हाक मारली, "कमल… ए कमल…" त्या रडत नव्हत्या, नुसतं माझं नाव घेत होत्या. मी पिठाच्या हातांनीच धावले. सूरतेजवळच्या सचिन गावात एका कारखान्यात बॉयलरचं काम उरकून दादा दुपारी घरी आले होते. त्यांनी पाणी मागितलं, आणि वहिनी तांब्या घेऊन वळेपर्यंत भिंतीला टेकले ते टेकलेच. दीड महिना झाला त्याला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी चुकेल म्हणून तीनदा खोडते, आणि हे तर छापून यायचं आहे. पण सूरतेत आमचं म्हणून जे काही टिकलं, ते या माणसाने पत्रा कापून, ठोकून दिलं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही. म्हणून धीर करून लिहिते आहे.

दादा शिरपूरकडचे, आम्ही पारोळ्याकडचे. कतारगामच्या चाळीत आमची भिंतीला भिंत. ते फिटर. बोलणं कमी आणि जे बोलायचे ते आपल्या अहिराणीत, मग समोर गुजराती शेठ असो की पोलीस. मी लग्न होऊन आले तेव्हा मला या शहरातल्या सगळ्याचीच भीती वाटायची. शेर-छटाक जाऊन किलो आले होते, दुकानदार काय बोलतो कळायचं नाही, आणि आपण अडाणी आहोत हे कुणाच्या लक्षात येईल म्हणून मी गप्प राहायची. चाळीच्या मालकीणबाई कांताबेन, त्यांची मात्र माझ्यावर मर्जी होती. सूरतेत दिवाळीआधी घरोघरी मैदा, तूप, साखर मळून नानखटाईचे पत्रे भरतात आणि डोक्यावरून बेकरीच्या भट्टीवर भाजायला नेतात. कांताबेनचे पत्रे मी न्यायची. रांगेत तास तास उभं राहून भट्टीवाल्याचा हात बघायची. नानखटाई आत जाताना पांढरी गोळी असते, बाहेर येताना फुलून, वर चिरा पडून येते… मला ते बघत राहावंसं वाटायचं.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता कापड कारखान्याच्या मालकाने माग बंद केले आणि आमच्या यांचं काम सुटलं. महिनाभर हे रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि भरलेलाच डबा परत आणायचे. सासऱ्यांचं कार्ड आलं : दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन गावी या, शेतात हात लागतील. यांना त्यात वावगं वाटलं नाही. मला मात्र जायचं नव्हतं. आमची सुमन तेव्हा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत दुसरीत होती. गावची शाळा चौथीपर्यंत. मला चौथीतून काढलं ते भावाला सांभाळायला. सुमनला कशासाठी काढतील तेही मला ठाऊक होतं. मी रडले ते वहिनींजवळ, आणि बोलता बोलता म्हणून गेले की भट्टी असती तर नानखटाई करून विकली असती. पलीकडे दादा जेवत होते. हात धुऊन त्यांनी एवढंच विचारलं, "काय काय लागस तुले?"

मी यादीच म्हटली. बाजारात काचेमागे पाहिलेले फुलांचे साचे, नक्षीचे पितळी ठसे, अंडी घुसळायचं यंत्र, घड्याळ. दादा ऐकत होते. मग बोटावर मोजत म्हणाले, "आच धरी ठेवाले डबा. बुटक्या काठना पत्रा. बारीक चाळणी. एक तराजू. बस." साचे कशाला, हाताला गोल करता येत नाही का? वजनाचं मात्र त्यांनी दोनदा बजावलं. माझ्याकडे माहेरचं पावशेराचं जुनं माप होतं आणि दुकानात नवे किलो. "दोन घरनी मापं एका पिठात टाकू नको," म्हणाले, "मैदा ज्या काट्यावर, तूप बी त्याच काट्यावर." आणि घड्याळ? "घड्याळ कसाले? पोर शे ना घरमा." पुढे खरंच तसं झालं. सुमन दोन ते दहाचे पाढे सावकाश म्हणायची, तेवढ्यात एक पत्रा भाजून व्हायचा. पोरीचे पाढे पक्के झाले ते असे.

आठ दिवसांत भट्टी आली. तेलाचा चौकोनी डबा, त्याला बाहेरून दुसरा मोठा डबा, मधल्या फटीत राख ठासलेली. खाली शेगडी, वर निखारे ठेवायला थाळा, आत सळ्यांची मांडणी, पुढे कडी लावलेलं दार. चिमूटभर मैदा आत टाकायचा. बदामी झाला तर आच बरोबर, काळा झाला तर थांबायचं. सगळं नीट सांगून ते कामावर गेले आणि मी पहिला पत्रा आत घातला.

आता जे केलं ते लिहायला लाज वाटते. दार लावलं आणि मला राहवेना. जन्म गेला भाकरी करण्यात. तव्यावरच्या भाकरीला हात लावून बघायचं, फिरवायचं, उलटायचं ही सवय. आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणजे करपलंच असणार, असं मन सांगायला लागलं. दार उघडलं. वरून पांढऱ्या दिसल्या. लावलं. पुन्हा उघडलं. शेवटी उलथनं घेतलं आणि एकेक नानखटाई उलटी केली… बारा नानखटायांचा भुगा झाला. संध्याकाळी दादांनी पत्रा पाहिला. एक तुकडा उचलला, खालून वरून न्याहाळला.

"उलट्यात का काय?"

मी मान खाली घातली.

"अव माय! भाकर शे का ती?" म्हणून असे हसले की वहिनी बाहेर आल्या. वहिनी म्हणाल्या, "हसताय काय? तुम्ही तरी पहिल्या दिवशी सरळ खिळा ठोकला होता का?"

मला हसू आलं नाही. दुसऱ्या खेपेलाही दार उघडलंच, नानखटाया बसल्या. तिसऱ्या खेपेलाही तेच. तूप संपत आलं होतं. तेवढ्यात कांताबेन दारात आल्या. बेकरीची भट्टी खचली होती, दुरुस्तीला आठ दिवस, आणि त्यांच्या मुलीची सगाई, म्हणजे साखरपुडा, चार दिवसांवर. "कमळा, बे डबा नानखटाई तू करी आप," म्हणाल्या. सामान त्यांचं, मजुरी माझी, आणि चांगली झाली तर दिवाळीला साऱ्या गल्लीचे पत्रे माझ्याकडे. मी हो म्हणून बसले. सगाईत नाक कापलं गेलं तर गावचं तिकीट ठरलेलंच.

दादांना सांगितलं. वाटलं, म्हणतील की मनाला आवर, धीर धर. आयुष्यभर मला सगळ्यांनी हेच सांगितलं आहे. दादांनी मात्र भट्टीचं दार बिजागरीतून काढलं आणि काखेत मारून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दार परत आलं. मधोमध चार बोटांची चौकट कापलेली, आणि तिच्यात जुन्या हीटरमधलं, काचेसारखं पण आचेला न तडकणारं अभ्रक बसवलेलं.

"तुले देखनंच शे ना? मंग देख," म्हणाले. "बॅटरी मार आनि देख. पन हात लावू नको."

त्या दिवशी मी भट्टीपुढे मांडी घालून बसले. बॅटरी धरली की अभ्रकातून पिवळसर दिसायचं. सुमन पाढे म्हणत होती. साताचा पाढा संपताना एका नानखटाईवर बारीक चीर गेली, मग दुसरीवर… माझे दोन्ही हात मांडीवर होते. दोन डबे भरले. सगाईच्या दिवशी कांताबेनच्या व्याहीणबाईंनी विचारलं की ही कुठल्या बेकरीची, तेव्हा कांताबेननी मला स्वयंपाकघरातून हाताला धरून बाहेर आणलं. दिवाळीनंतर सासऱ्यांना कार्ड लिहायचं होतं. हे म्हणाले, तूच लिही. मी लिहिलं : आम्ही येत नाही, सुमनची परीक्षा आहे.

सुमन यंदा मॅट्रिकला बसते आहे. यांना नंतर सूरतेबाहेर इच्छापोरला काम लागलं, तरी भट्टी चालूच राहिली. मी दादांना नानखटाई नेऊन द्यायची, ते एक उचलून खालून वरून न्याहाळायचे आणि म्हणायचे, "नही उलटी." आमचं आभार मानणं आणि त्यांचं ते स्वीकारणं एवढ्यातच व्हायचं. जास्त बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

परवा टपालवाला सासऱ्यांचं कार्ड घेऊन आला. आमच्या खोल्यांना नंबर नाहीत. गावाहून येणाऱ्या कार्डांवर वर्षानुवर्षं एकच पत्ता असतो : दौलत फिटर यांच्या शेजारी, कतारगाम, सूरत. टपालवाला कार्ड हातात धरून थबकला. "बेन, दौलतभाई तो गया. हवे सरनामुं बदलावी नाखो," म्हणाला. आता पत्ता बदलून घ्या; उद्या त्याच्या जागी नवा माणूस आला तर कुठे शोधेल? बोलला ते खरंच होतं. मी त्या अक्षरांकडे पाहिलं. पलीकडे वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबलेला दिसला.

"रहेवा दो, भाई," मी म्हटलं. "नव्या माणसाला दौलत फिटरचं घर दाखवून ठेवा. आम्ही त्यांच्या शेजारीच राहतो."