गुडघ्याची वाटी

"पॅटेला फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले. एक्स-रे त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता. पॅटेला म्हणजे गुडघ्याची वाटी. माझी वाटी फुटली होती आणि तिचे तुकडे जोडता येण्याजोगे नव्हते. "काढावी लागेल."

माझ्या आईनं, आम्ही तिला याडी म्हणतो, एवढंच विचारलं, "काढल्यावर आमाले द्यान ना?"

"काय करणार तिचं?"

"माह्या लेकराची हाय. इथं कायले ठेवू?"

मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं.

घाटंजीकडच्या आमच्या तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नागपूरला जनावरांच्या डॉक्टरकीला आहे. घोडा लहानपणापासून ओळखीचा, पण अडथळ्यावरून उडी मारायला कॉलेजच्या घोडदळाच्या तुकडीत शिकलो. थंडीत दिल्लीच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. शिकवणारे उस्ताद म्हणाले होते, तुझा विचार होईल. त्या एका वाक्यावर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो.

तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, त्यांची घोडी मागून घेतली. उडीच्या सरावासाठी शेतात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, भारे रचले, वर आडवी लाकडी बल्ली ठेवली. घोडी दोनदा थांबली. तिसऱ्यांदा मी टाचा मारल्या. ती पुन्हा थांबली आणि मी एकटाच पलीकडे गेलो. गुडघा धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या, दगडावर आपटला. बैलगाडीतून यवतमाळला आणलं, तेव्हा तो भोपळ्याएवढा सुजला होता.

ऑपरेशन झालं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं. वाटी कापसात गुंडाळून याडीला मिळाली. मी जिथं पडलो होतो, तिथंच तिनं ती पुरली.

भेटायला आलेले नाईक खाटेशी बसून म्हणाले, "घोडी तुले नाई म्हनून राह्यलती. तुलेच आयकू नाई आलं."

शेजारच्या खाटेवरचे म्हातारेबुवा हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मनातून गेलं नाही.

पडल्या पडल्या मी याडीला कॉलेजातली गंमत सांगितली. घोड्याची वाटी हाडावर अडकते, म्हणून तो उभ्या उभ्या झोपू शकतो.

"मंग तू आता आडवाच झोपत जा," ती म्हणाली.

प्लास्टर काढलं तेव्हा पाय काठीसारखा बारीक झाला होता. शेवटी मी डॉक्टरांना विचारलंच, घोड्यावर बसता येईल का?

"आधी वाकव," ते म्हणाले. "दुखेल. तरी वाकव." क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायू, त्याला पुन्हा कामाला लावायचं होतं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगावंसं वाटतं, की इथं जोर करून चालत नाही आणि सोडूनही चालत नाही. मी आधी जोर केला. गुडघा सुजला आणि पुन्हा पडून राहावं लागलं. मग थोडं थोडं वाकवायला लागलो. गुडघा नाही म्हणाला की थांबायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं.

घरी आल्यावर मी बाजेवर पाय सोडून जेवत असे. याडी ताट हातात देई आणि म्हणे, "घोड्यावर बसशील तवा बसशील. आधी जेवाले बस." तिच्या लेखी मांडी घालून जेवता आलं, की माणूस बरा झाला.

त्या थंडीतला संघ माझ्याशिवाय गेला. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण पुढच्या पावसाळ्याआधी मी कॉलेजात पुन्हा खोगिरावर बसलो. पूर्वी गुडघ्यांनी घोडा आवळून धरायचो. आता तेवढी पकड राहिली नाही. मग बसणं हलकं ठेवलं आणि घोड्याचे कान पाहून तो काय म्हणतो ते ओळखायला शिकलो. पहिल्या बुटक्या अडथळ्यावरून तो आपणहून गेला. उस्ताद म्हणाले, "अब बैठना आया."

यंदा माझं नाव संघात आहे. सर्वांत शेवटी आहे, पण आहे.

हे सांगायला घरी गेलो. याडी चुलीपाशी होती. दिल्ली कुठे आहे हे तिनं विचारलं नाही. ताट वाढलं आणि बाजेवर न ठेवता सारवलेल्या भुईवर ठेवलं. मग माझ्या गुडघ्याकडे पाहत राहिली.

मी मांडी घालून बसलो. तिनं ताटात आणखी एक भाकर टाकली.